स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला मराठीत काय म्हणावं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहतो. घरात कोंकणी, शाळेत मराठी, देवळातलं भजन मराठी आणि जत्रेतलं नाटकही मराठी, अशा वातावरणात वाढलो. गेली बरीच वर्षं गावातल्या नाटकांच्या संहिता तपासतो, मुलांना निबंध शिकवतो आणि कुणी भाषांतर दाखवायला आणलं तर वाचून देतो. या कामात एक गोष्ट सारखी समोर येते. स्वतःवर खूश असलेल्या माणसाबद्दल लिहायची वेळ आली की हाताला लागेल तो शब्द उचलला जातो. गर्विष्ठ, घमेंडखोर, शिष्ट, माजोरी हे सगळे एकाच मापाचे धरले जातात. तसे ते नाहीत. चुकीच्या शब्दाने वाक्य बिघडतं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यावर अन्यायही होतो. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवतो.

इंग्रजीतल्या 'स्मग'ला मराठीत नेमका शब्द कोणता?

एका शब्दात मावणारा नाही. मराठीत गर्वाचे शब्द ढीगभर आहेत, पण त्यांतले बहुतेक गर्व दिसतो किंवा ऐकू येतो तेव्हाचे. ताठा मानेत दिसतो, बढाई कानावर पडते, गुर्मी नजरेत उतरते. 'स्मग' माणूस यातलं काहीच करत नाही. तो गप्प असतो. आपलं जमलं, आपणच बरोबर होतो आणि समोरच्याचं चुकलं, एवढं त्याला आतल्या आत पुरतं.

आमच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमीत हे मला फार जवळून कळलं. संहितेत सावकाराच्या तोंडी संवाद नव्हता, नुसती सूचना होती: 'आत्मसंतुष्ट हसतो.' सावकाराचं काम करणारा मुलगा आधी मोठ्याने हसला, तर तो खलनायक झाला. मग ओठ दाबून हसला, तर लाजल्यासारखा दिसला. मास्तर सभामंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हांसूं नाका. पोटार हात फिरय." मुलाने खुर्चीत मागे रेलून पोटावरून एकदा सावकाश हात फिरवला. पुढ्यात हात जोडून उभ्या असलेल्या कुळाकडे त्याने पाहिलंच नाही. तालमीला बसलेले पाच-सहा जण एकदम म्हणाले, "हेंच!" मी तिथल्या तिथे 'आत्मसंतुष्ट हसतो' खोडलं आणि लिहिलं, 'पोटावरून हात फिरवतो.'

तेव्हापासून भाषांतर करणाऱ्यांना मी हेच सांगतो. विशेषणाच्या मागे लागू नका, क्रिया शोधा. 'स्वतःवरच खूश होता', 'मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता', 'भरल्या पोटी ढेकर द्यावा तसा म्हणाला', 'सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं अशा चेहऱ्याने बसला'. मराठी माणूस बोलताना असंच बोलतो.

मग 'आत्मसंतुष्ट' चुकीचा आहे का?

चुकीचा नाही. लेखात, अग्रलेखात, समीक्षेत तो चांगला चालतो. 'संस्था आत्मसंतुष्ट झाली की तिची वाढ थांबते' हे वाक्य कुणालाही कळतं. अडचण निराळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्या परंपरेत स्वतःमध्ये संतुष्ट असणं हा दोष नव्हताच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं लक्षण सांगताना 'आत्मन्येवात्मना तुष्टः' असं म्हटलंय, आणि तिसऱ्या अध्यायात ज्याला काही करायचं उरलं नाही त्याचं वर्णन 'आत्मतृप्त' या शब्दाने केलंय. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण टीका करतो, तो जुन्या अर्थाने माणसाची सर्वांत वरची पायरी सांगत होता. आमच्याकडे गावोगाव गीतापठण होतं, भजनी मंडळं आहेत. असा कान असलेल्या वाचकाला 'ते आत्मसंतुष्ट गृहस्थ होते' हे वाक्य स्तुतीसारखं ऐकू येण्याचा संभव आहे. तेव्हा हा शब्द वापरलात तर आजूबाजूचं वाक्य दोष दाखवणारं ठेवा. 'आत्मसंतुष्टपणा' असं भाववाचक रूप केलं तर टीकेचा सूर जास्त स्पष्ट होतो.

'समाधानी' मात्र या कामाला कधीही वापरू नका. समाधानी माणूस हा मराठीत चांगलाच माणूस. 'अल्पसंतुष्ट'चीही गल्लत होते. थोड्यावर भागवून पुढे न धडपडणारा तो अल्पसंतुष्ट. त्याच्यात आळस असेल, पण गर्व असेलच असं नाही.

'मला माझ्या मुलीचा गर्व वाटतो' हे बरोबर आहे का?

नाही, आणि हल्ली हे फलकांवर, निरोपसमारंभांत, अभिनंदनाच्या मजकुरात सर्रास दिसतं म्हणून जरा कळकळीने सांगतो. हिंदीत 'गर्व' चांगल्या अर्थाने चालतो. मराठीत गर्व हा दोषच आहे. 'गर्वाचं घर खाली' ही म्हण लहान मुलालाही येते. मुलीबद्दल, गावाबद्दल, भाषेबद्दल वाटतो तो अभिमान. तो प्रमाणाबाहेर गेला किंवा त्याला काही आधारच नसला, तर दुरभिमान किंवा वृथाभिमान. हा फरक आपल्या भाषेने फार काळजीने सांभाळलेला आहे. तो आपल्या पिढीत पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

'शिष्ट' म्हणजे सभ्य की नाक वर करून चालणारा?

दोन्ही. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण असलेला. तो अर्थ 'शिष्टाचार' आणि 'शिष्टमंडळ' या शब्दांत आजही जिवंत आहे. पण एकट्या माणसाला 'शिष्ट' म्हटलं की अर्थ उलटतो: हाक मारली तरी थांबत नाही, ओळख असून न ओळखल्यासारखं करतो, चारचौघांत मिसळत नाही, तो शिष्ट. इंग्रजीतल्या 'स्मग'चाही प्रवास असाच झाला. सोळाव्या शतकात तो शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ नीटनेटका, टापटीप असा होता. नीटनेटक्या माणसाला आपल्या नीटनेटकेपणाची जाणीव झाली की काय होतं, ते दोन्ही भाषांना आपापल्या वाटेने दिसलं.

एक सूचना. कमी बोलणारा, बुजरा माणूसही बाहेरून शिष्ट दिसतो. गावात नवीन आलेल्या सुनेला, शहरातून बदलून आलेल्या शिक्षकाला हा शब्द पहिल्या आठवड्यातच चिकटतो आणि मग वर्षानुवर्षं निघत नाही. लिहिणाऱ्याने तरी खात्री करून घ्यावी.

गर्विष्ठ, घमेंडखोर, मग्रूर, मिजासखोर, आढ्यताखोर: यांत फरक काय?

'गर्विष्ठ' हा सगळ्यांत सपाट. तो स्वभाव सांगतो, बाकी काही नाही. कसलं चित्र उभं करायचं नसेल तेव्हा तोच बरा.

'घमेंड' एखाद्या गोष्टीची असते: पैशाची, रूपाची, शिक्षणाची, खुर्चीची. म्हणून 'कसली एवढी घमेंड आहे?' असा प्रश्न विचारता येतो. घमेंडीत आव्हानही असतं, आपल्याला कोण काय करणार आहे असं.

'मग्रूर' अरबीतून आला. तिथे मूळ अर्थ फसलेला, भुललेला असा आहे. मला हा अर्थ फार खरा वाटतो, कारण मग्रूर माणूस आधी स्वतःच फसलेला असतो. मराठीत मात्र हा शब्द उद्धटपणाकडे झुकलाय. वरचढ माणसाला जुमानत नाही, उलट उत्तर देतो, तो मग्रूर. नुसत्या स्वखूश माणसाला हा शब्द फार जड होतो.

'मिजास'ही अरबीच. मूळ शब्द प्रकृती, स्वभाव या अर्थाचा. मराठीत मिजास म्हणजे सतत आपली मर्जी सांभाळून घ्यायला लावणं. पाणी आणून दिलं तर ते थंड का नाही, खुर्ची दिली तर पंख्याखाली का नाही. लग्नघरी व्याह्यांची मिजास सांभाळताना हा शब्द अगदी नेमका बसतो.

'आढ्यता' मला सगळ्यांत आवडते. आढ्य म्हणजे श्रीमंत. 'धनाढ्य'मधला आढ्य तोच. श्रीमंतीसाठी असलेला शब्द पुढे श्रीमंती थाटाच्या वागण्याला लागला. म्हणून आढ्यताखोर माणूस ओरडत नाही, भांडत नाही. तो आपल्याला वरून खाली पाहतो, शब्द मोजून बोलतो आणि बोलताना आपल्यावर उपकार करतो आहे असं वाटायला लावतो. 'स्मग'च्या अगदी शेजारी बसणारा मराठी शब्द कुठला असं कुणी पेचात धरलंच, तर मी 'आढ्यताखोर'कडे बोट दाखवीन.

'दर्प'ही या घराण्यातलाच. गर्व आणि उग्र वास असे दोन्ही अर्थ त्याला आहेत. ज्याचा गर्व खोलीत शिरल्याबरोबर जाणवतो, त्याच्यासाठी कवितेत किंवा गंभीर गद्यात हा शब्द जपून ठेवावा.

'माज' कुणाला म्हणावं?

हा शब्द मी सगळ्यांत जास्त जपून वापरतो, आणि मुलांनाही तेच सांगतो.

माज हा जनावराचा शब्द. गाय-म्हैस माजावर येते. तिथून तो माणसाकडे आला: पैशाचा माज, सत्तेचा माज, तरुणपणाचा माज. मद चढलेल्या हत्तीला 'मदमत्त', 'उन्मत्त' म्हणतात तसंच हे. अंगात मावेनाशी झालेली ताकद, असा त्यातला भाव. रस्त्यात गाडी आडवी लावून वर दमदाटी करणाऱ्याला माज आहे म्हणणं अगदी बरोबर.

पण याच शब्दाने आपल्या समाजात ताठ उभ्या राहिलेल्या गरिबाला खाली बसवलंय. मी लहान असताना गावातल्या एका मोठ्या घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, हे ऐकलं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचा मुलगा शहरात नोकरीला लागला होता. तो काही कागद दाखवायला आला, पायात चपला होत्या आणि बस म्हटल्यावर तो बाकावर बसला. वडील त्याच बाकाशेजारी उभे राहिले होते, सवयीने. तो गेल्यावर घरातला एक मोठा माणूस म्हणाला, "माजले हे." मुलगा हळू आवाजात, नीट बोलला होता. त्याचा गुन्हा एवढाच की तो बसला. पुढे 1975 च्या मुंडकार कायद्याबद्दल मी वाचलं, मुंडकाराला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा तो कायदा, तेव्हा मला आधी तो बाक आठवला.

'शिंगं फुटली', 'जास्त शहाणा झाला', 'पाय जमिनीवर नाहीत' यांचंही तेच. हे शब्द वरच्याने खालच्याबद्दल वापरले की ते बहुतेक वेळा गर्वाचं वर्णन नसतात. कुणाची तरी जागा हलल्याची तक्रार असते. तेव्हा लिहिण्याआधी बघा की हा माणूस दुसऱ्याला दाबतो आहे, की नुसता वाकायचा थांबलाय. वाकायचा थांबलेल्यासाठी मराठीत 'ताठ मानेचा' आणि 'स्वाभिमानी' हे चांगले शब्द आहेत.

बढाई मारणाऱ्यासाठी किती वाक्प्रचार आहेत?

भरपूर. फुशारकी मारणे, प्रौढी मिरवणे, शेखी मिरवणे, बडेजाव करणे, टेंभा मिरवणे, आपलीच टिमकी वाजवणे. टेंभा म्हणजे मोठी मशाल, टिमकी म्हणजे लहान वाद्य. एकात उजेड, दुसऱ्यात आवाज. आपलं घराणं, आपली पदवी लोकांच्या डोळ्यांपुढे धरायची असेल तर टेंभा. आपणच आपलं कौतुक बोलून दाखवायचं असेल तर टिमकी. दोन्ही एका वाक्यात घालू नयेत.

थोडंसं येणाऱ्या आणि त्यावरच खूश असणाऱ्याला?

'दीडशहाणा' सगळ्यांना माहीत आहे. काम न करता लांबून सल्ले देणारा तो 'उंटावरचा शहाणा'. भरपूर वाचून वागण्यात शून्य, तो 'पढतमूर्ख'. समर्थ रामदासांनी दासबोधात अख्खा एक समास याच माणसासाठी दिलाय. स्वतःला पंडित समजणारा 'पंडितंमन्य', पण हा लेखी भाषेतलाच.

मला सगळ्यांत जिवंत वाटतो तो 'अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा'. हळद लागायला पूर्ण हळकुंड उगाळावं लागतं. याला मात्र अर्धं उगाळलं नाही तोच आपण नवरदेव झालो असं वाटतं. एक एकांकिका बसवली की दिग्दर्शक, दोन कविता छापून आल्या की कवी. या वाक्प्रचारात राग कमी आणि समजूत जास्त आहे, म्हणून तरुण मुलांबद्दल लिहिताना तोच वापरावा.

'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' मात्र वेगळं. तिथे दोष चढवणाऱ्याचा. हरभऱ्याचं झाड गुडघाभर असतं, हे ठाऊक असलं की त्यातली खोच कळते.

आपणच काय ते नीतिमान, असं समजणाऱ्याला?

'सोवळा'. सोवळं म्हणजे पूजेच्या वेळची शुद्धता, आणि ते वस्त्रही. देवळात सोवळं नेसलेला पुजारी कुणाला शिवत नाही. तसाच जो आपल्या चांगुलपणाला कुणाचा स्पर्श होऊ देत नाही तो 'स्वतःला फार सोवळा समजतो'. दुसरा पर्याय 'नाकाने कांदे सोलणे'. यात मात्र ढोंगाचा आरोप येतो: स्वतःचं काही धड नसताना दुसऱ्याला नावं ठेवणं. खरोखरच चांगलं वागणाऱ्या पण त्याचा तोरा मिरवणाऱ्या माणसाला 'नाकाने कांदे सोलतो' म्हणता येणार नाही. त्याच्यासाठी सोवळाच बरा.

बायकांसाठी वेगळे शब्द असतात का?

असतात, आणि तेच खटकतं. तीच चाल, तोच आत्मविश्वास. पुरुष असेल तर 'रुबाबदार', बाई असेल तर 'नखरेल', 'नकचढी' नाहीतर 'शिष्ट'. 'तिला फार झालंय' एवढंच म्हटलं तरी काम भागतं, काय झालंय ते सांगावंच लागत नाही. मी संहिता तपासताना एक साधा प्रयोग करतो: स्त्रीपात्राबद्दलचं विशेषण काढून तिथे पुरुषपात्र ठेवतो. विशेषण टिकलं तर ठेवायचं, नाही टिकलं तर बदलायचं.

'सुशेगाद' म्हणजे आत्मसंतुष्टच ना?

अजिबात नाही. हा प्रश्न बहुधा गोव्याबाहेरचे विचारतात. पोर्तुगीज 'सोसेगादु' म्हणजे शांत, निवांत. त्यावरून हा शब्द कोंकणीत आला आणि आम्हा गोव्याच्या मराठी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतही उतरला. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ आळशी, बेफिकीर असा करून टाकला. आमच्याकडे पाववाला पोदेर उजाडायच्या आत सायकल घेऊन दारात असतो, माडाची सूर काढणारा रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, मासळी घेऊन येणारी बाई पहाटे जेटीवर उभी असते. ही माणसं दुपारी दोन घटका दार लोटून पडतात. ते सुशेगाद. त्यात दुसऱ्याला कमी लेखणं नाही, आपण जिंकल्याची भावना नाही. आत्मसंतुष्टपणाला दुसरा माणूस खाली लागतो. सुशेगादला फक्त घराचा सोपा आणि वारा लागतो.

गोव्याच्या मराठीत कोंकणी शब्द घातले तर चालतील?

संवादात अवश्य घाला. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली, पण घराघरांत या दोन भाषा त्याआधी कितीतरी काळ एकत्र नांदत होत्या. 'चड शाणो जावं नाका' या वाक्यात जो दम आहे तो 'जास्त शहाणपणा करू नकोस'मध्ये येत नाही. 'व्हडपण' हाही 'मोठेपणा'पेक्षा घरगुती. निवेदन मराठीत ठेवावं आणि पात्राला त्याच्या तोंडचं बोलू द्यावं, असं मी करतो.

एक जोडी मला नेहमी थांबवते. कोंकणीत 'हांव' म्हणजे मी. मराठीत 'हाव' म्हणजे लोभ. शब्दांचं नातं काही नाही, फरक एका अनुस्वाराचा, पण दोन्ही भाषा बोलणाऱ्याच्या कानात ते शेजारी शेजारी वाजतात.

कॉलेजातल्या मुलांच्या संवादात काय लिहू?

'भाव खातो', 'शायनिंग मारतो', 'डोक्यात हवा गेलीय', 'फार अॅटिट्यूड आहे'. गर्विष्ठ, घमेंडखोर हे शब्द ती मुलं आपसात बोलत नाहीत. 'भाव खाणे' अस्सल बाजारातलं आहे: मागणी आहे हे कळल्यावर माल अडवून धरणं. बोलावल्यावर लगेच न येणाऱ्या मित्रासाठी तो नेमका.

आपलंच काम चांगलं झालं तर ते लिहू कसं? लगेच शेखी वाटते.

हा प्रश्न मला बहुतेक मुली विचारतात, अर्ज लिहिताना किंवा मनोगत लिहिताना. 'मला याचा सार्थ अभिमान आहे' असं बिनधास्त लिहावं. 'सार्थ' हा शब्द आपण त्यासाठीच ठेवलाय. अभिमान हा शब्द मोठा वाटला तर 'समाधान वाटलं' लिहा. 'आनंदाने आकाश ठेंगणं झालं' यातही गर्व नाही, तो निव्वळ आनंद आहे. आणि काय केलं ते आधी सांगा, कसं वाटलं ते नंतर. गेल्या वर्षी एका मुलीने अर्जात लिहिलं होतं, 'मी एक अत्यंत कष्टाळू आणि यशस्वी कलाकार आहे.' मी तिला विचारलं, नक्की काय केलंस? तिने दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: 'आमच्या गावच्या नाटकात आयत्या वेळी एक बाई आजारी पडल्या. मी एका दिवसात त्यांचे सगळे संवाद पाठ केले आणि प्रयोगात एकही वाक्य चुकलं नाही. मला फार बरं वाटलं.'